मतदारयादीतले नाव

मताचा हक्क स्त्रियांस कोणत्या दिवशी मिळाला, असे न्यूझीलंडमधील शाळकरी मुलीस विचारले, तर १९ सप्टेंबर १८९३ ही तारीख तिला सांगता यावी. अमेरिकेत २६ ऑगस्ट हा दिवस त्यासाठी पाळतात. १९२० साली त्या दिवशी तेथील राज्यघटनेची एकोणिसावी दुरुस्ती अंमलात आल्याचे जाहीर झाले. इंग्लंडात हे काम दोन खेपांत उरकले. १९१८ साली तीस वर्षांवरील काही स्त्रियांस व १९२८ साली पुरुषांच्या बरोबरीने सर्व स्त्रियांस मत मिळाले. हाच प्रश्न आपल्याकडील एखाद्या सुशिक्षित घरी रात्रीच्या पंक्तीत टाकून पाहावा. कोणी २६ जानेवारी १९५० म्हणेल, कोणी पहिल्या निवडणुकीचे साल आठवू लागेल, आणि एखादे काका "आपल्याकडे त्यासाठी कोणास भांडावे लागले नाही, घटनेबरोबर ते आपसूक आले," असा निकाल देऊन ताकभाताकडे वळतील.

काकांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. घटनेने १९५० साली एका वाक्यात स्त्री-पुरुष हा भेद पुसून टाकला व एकवीस वर्षांवरील प्रत्येकास मत दिले, हे खरे. (ती वयोमर्यादा पुढे १९८९ मध्ये अठरावर आली.) परंतु ते वाक्य लिहिले जाण्यापूर्वी तेहेतीस वर्षे त्यासाठी अर्ज, शिष्टमंडळे, साक्षी व ठराव चालू होते; आणि ते लिहिले गेल्यावरही लाखो स्त्रियांस पहिल्या निवडणुकीत मत देता आले नाही. का देता आले नाही, त्याची हकीकत फार थोड्यांस ठाऊक असते. तीच सांगावी म्हणून हा मजकूर.

आरंभ १८ डिसेंबर १९१७ चा. भारतमंत्री माँटेग्यू त्या वेळी हिंदुस्थानच्या दौऱ्यावर होते. मद्रास येथे सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे एक शिष्टमंडळ त्यांस भेटले व नव्या राज्यव्यवस्थेत स्त्रियांसही मत असावे, अशी मागणी त्यांनी केली. ही भेट घडवून आणण्यात मार्गारेट कझिन्स या आयरिश बाईंचा मोठा हात होता. पुढे मताधिकाराचा विचार करण्यासाठी नेमलेल्या साउथबरो समितीने ही मागणी फेटाळली. येथील समाज इतक्या पुढच्या गोष्टीस तयार नाही, हे कारण देण्यात आले. येथील समाज कशास तयार आहे हे ठरविण्याचा अधिकार त्या समितीस कोणी दिला, असे कोणासही वाटावे. परंतु मुंबईच्या हिराबाई टाटा व त्यांची कन्या मिठन टाटा या नुसते वाटून घेऊन बसल्या नाहीत. १९१९ साली त्या दोघी लंडनला गेल्या व पार्लमेंटच्या संयुक्त समितीपुढे त्यांनी स्त्रियांची बाजू मांडली. परिणामी १९१९ च्या कायद्यात मत मिळाले नाही, पण दारही बंद झाले नाही. हा प्रश्न प्रांतिक कायदेमंडळांनी आपापल्यापुरता सोडवावा, असे ठरले.

मद्रास व मुंबई या दोन इलाख्यांनी १९२१ साली तो सोडविला. मुंबई इलाख्यातील चळवळीच्या अग्रभागी रमाबाई रानडे होत्या. त्या वेळी त्यांचे वय साठीच्या घरात होते. पुण्याच्या नगरपालिकेने मुलांबरोबर मुलींसही सक्तीचे शिक्षण द्यावे, म्हणून १९२० साली स्त्रियांस घेऊन त्या रस्त्यावर उतरल्या होत्या, आणि लगेच हे दुसरे काम त्यांनी अंगावर घेतले. सेवासदनाच्या संस्थापक म्हणून त्यांची तसबीर अनेक घरांत ओळखीची आहे. मताधिकाराशी त्यांचे नाव मात्र क्वचितच जोडले जाते. ज्या पिढीने रमाबाईंचे आत्मचरित्र पतिभक्तीचा ग्रंथ म्हणून मुलींच्या हाती ठेवले, त्या पिढीने त्यांच्या अखेरच्या वर्षांतील हे काम मुलींस सांगितले असते तर बरे झाले असते.

तथापि १९२१ च्या या विजयाने किती स्त्रियांस मत मिळाले? फार थोड्यांस. कारण मतासाठी मालमत्तेची अट होती, व ती स्त्रीच्या स्वतःच्या नावावर असावी लागे. घर सासऱ्यांच्या नावे, जमीन एकत्र कुटुंबाच्या नावे, कर भरावयाचा तो कर्त्या पुरुषाने. बाईच्या नावे असलेच तर अंगावरचे स्त्रीधन. म्हणजे मत देण्याचा अधिकार आहे, पण ज्या नावाने तो बजावावयाचा ते नाव कोठल्याही दप्तरात नाही. नावाचा हा प्रश्न येथून पुढे सुटत नाही; म्हणून वाचकांनी तो ध्यानात ठेवावा.

१९३५ च्या कायद्याने त्यावर एक अजब तोड काढली. ज्या पुरुषास मालमत्तेमुळे मत आहे, त्याच्या पत्नीस किंवा विधवेसही काही अटींवर मत द्यावे, असे ठरले. शिवाय प्रांतोप्रांती साक्षरतेच्या निरनिराळ्या अटी होत्या. अशा रीतीने साठ लाखांच्या वर स्त्रिया मतदार झाल्या. आकडा मोठा होता. तरी आपल्या स्त्रीसंघटनांनी या तोडीस विरोध केला होता, हे विशेष. अखिल भारतीय महिला परिषदेचा जन्म आपल्या पुण्याचा. जानेवारी १९२७ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयात बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड यांच्या अध्यक्षतेखाली तिचे पहिले अधिवेशन भरले. ते होते केवळ स्त्रीशिक्षणासाठी. पण पाचसहा वर्षांतच परिषदेस राजकारणात उतरावे लागले. राजकुमारी अमृत कौर, मुथुलक्ष्मी रेड्डी व बेगम हमीद अली यांनी १९३३ साली लंडनमध्ये दिलेल्या साक्षीचा आशय थोडक्यात असा होता, की आम्हांस मत द्यावयाचे तर ते नागरिक म्हणून द्या, कोणाची पत्नी म्हणून देऊ नका. आणि राखीव जागाही नकोत. उलट राधाबाई सुब्बरायन यांच्यासारख्या व्यवहार पाहणाऱ्या स्त्रियांचे म्हणणे होते की, तत्त्वासाठी हाती येणारे सोडू नये. आधी सभागृहात पाऊल तर पडू द्या.

या दोन पक्षांत शहाणे कोण, याचा निवाडा सोपा नाही. पत्नी या नात्याने मिळणारे मत हे पतीच्या मालमत्तेच्या सावलीत उभे असते; त्याची जमीन गेली की तिचे मतही गेले. या दृष्टीने पाहता परिषदेची भूमिका मानी व रास्त होती. परंतु राखीव जागांविषयी त्या स्त्रियांचा अंदाज चुकला, असे आज म्हणावे लागते. घटनासमितीत मुंबईच्या वतीने निवडून आलेल्या हंसाबाई मेहता यांनीही १९४६ साली हेच सांगितले होते की आम्हांस सवलती नकोत, बरोबरीचा न्याय हवा. योग्यतेला वाट आपोआप मिळेल, असा त्या पिढीचा भरवसा होता. २०१९ साली लोकसभेच्या ५४३ जागांवर ७८ स्त्रिया निवडून आल्या व २०२४ साली ७४, हे आकडे पाहिले म्हणजे तो भरवसा किती भोळा होता ते कळते. लोकसभेत व विधानसभांत एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखण्याची घटनादुरुस्ती अखेर सप्टेंबर २०२३ मध्ये संमत झाली. पण आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना व त्यानंतर आरक्षण, असा क्रम त्या दुरुस्तीतच लिहून ठेवलेला होता. लग्न ठरले, मुहूर्त मात्र पंचांग छापून आल्यावर पाहू, अशातला हा प्रकार झाला.

आता त्या पहिल्या निवडणुकीकडे येऊ. ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ पर्यंत ती चालली. मतदार सतरा कोटींच्या वर, व त्यांतील बहुसंख्य निरक्षर. इतकी मोठी यादी घरोघर जाऊन तयार करावयाची होती. यादी करणारे कारकून दारात उभे राहून नावे विचारू लागले, तेव्हा पुष्कळ ठिकाणी घरातील स्त्रिया आपले नाव सांगेनात. परक्या पुरुषापुढे कुलीन स्त्रीने नाव उच्चारावयाचे नाही, ही पिढ्यान्‌पिढ्यांची शिकवण. मग "अमक्याची आई", "तमक्याची बायको" अशी उत्तरे मिळाली, व कारकुनांनी ती तशीच टिपून घेतली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या हे ध्यानात आले तेव्हा त्यांनी स्पष्ट आज्ञा दिली, की मतदाराचे नाव म्हणजे त्याचे स्वतःचे नाव. नाते हे नाव नव्हे. मुदती वाढविल्या, पुन्हा विचारणा केली. पुष्कळ स्त्रियांनी नावे दिलीही. परंतु सुमारे आठ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ २८ लाखांची नावे शेवटपर्यंत मिळाली नाहीत, व त्या नोंदी यादीतून काढून टाकण्यात आल्या. या नोंदी मुख्यतः बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, विंध्यप्रदेश व मध्यभारत या भागांतील होत्या.

अठ्ठावीस लाख! सरकारने त्यांस मत नाकारले नव्हते, कायद्याने नाकारले नव्हते, मालमत्तेची अट उरली नव्हती, अक्षरओळखीचीही नव्हती. केवळ एक शब्द उच्चारावयाचा होता, आणि तो ओठांबाहेर पडला नाही. कित्येकींच्या बाबतीत तो शब्द बोलण्याची वेळच कोणी त्यांच्यावर येऊ दिली नसेल. दारात आलेल्या कारकुनाशी बोलावयाचे ते घरच्या पुरुषाने, आणि परक्यापुढे सुनेचे नाव घेणे त्यालाही कमीपणाचे वाटावे, यात नवल नाही.

सेन यांनी इतका कडकपणा का दाखवावा, अशी कुरकुर तेव्हाही झाली असेल, आणि आजही एखाद्यास ती योग्य वाटेल. "रामलालची बायको" असे लिहून मत दिले असते तर काय बिघडले असते? माझ्या मते पुष्कळ बिघडले असते. रामलालास दोन बायका असल्या तर कोणती, हा कारकुनी प्रश्न बाजूस ठेवू. खरा प्रश्न असा की, १९३५ साली ज्या पत्नीपणाच्या मतास आपल्या स्त्रियांनी नकार दिला, तेच मागल्या दाराने यादीत शिरले असते, आणि स्वतंत्र भारताच्या पहिल्या दप्तरात ते कायमचे बसले असते. सेन यांनी २८ लाख मते गमावण्याची जोखीम पत्करली व पुढच्या पिढ्यांची नावे वाचविली. निर्णय कठोर होता यात शंका नाही. पण तो करुणेच्या पोटीच निघालेला कठोरपणा होता.

त्या पाच प्रांतांच्या नावांत महाराष्ट्र नाही, हे वाचून आपल्यापैकी कोणी मिशीवर ताव देऊ नये. एक तर मध्यभारत म्हणजे इंदूर-ग्वाल्हेर, आणि तिकडे नातेगोते नाही असे घर आपल्यात विरळा. दुसरे, आपल्याकडे अडचण होती ती थोडी वेगळ्या जातीची. आपली स्त्री स्वतःचे नाव सांगे, पण नवऱ्याचे घेत नसे; घेतलेच तर उखाण्यात, हळदीकुंकवाला किंवा मंगळागौरीला. आता कारकुनापुढे उखाणा घ्यावयाचा तर निदान पुढ्यात चांदीची वाटी तरी हवी! असो. परंतु जे नाव ती सांगे ते तिचे होते काय?

ताम्हनात तांदूळ पसरावयाचे, अंगठीने त्यावर नवे नाव रेखावयाचे, आणि लक्ष्मीपूजन होऊन सूनबाई त्या नावाने घरात वावरू लागावयाची, हा सोहळा आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोरचा आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्याशी विवाह झाला तेव्हा रमाबाई या कुर्लेकरांच्या यमुना होत्या. पहिल्या वैद्यकीय पदवीधर आनंदीबाई जोशी याही माहेरच्या यमुनाच. अण्णासाहेब कर्वे यांच्या द्वितीय पत्नी आनंदीबाई, म्हणजे आपल्या बाया कर्वे, या जोश्यांच्या गोदूबाई होत. आणि 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक या गोखल्यांच्या मनकर्णिका. दोन यमुना, एक गोदा व एक मनकर्णिका. एवढी पवित्र जळे आपण एकेका ताम्हनातील तांदळांत जिरविली. या चौघींचे पती स्त्रियांच्या शिक्षणाचा कळवळा असलेले, काळाच्या पुढे पाहणारे होते, तरीही नाव बदलताना त्यांतील कोणास काही चुकल्यासारखे वाटल्याचे दिसत नाही. वाटावयाचे तरी कसे? ते प्रेमाने केलेले कृत्य होते. उत्तरेकडील स्त्रीचे नाव पडद्याआड राहिले, आपल्या स्त्रीचे नाव पुसून दुसरे लिहिले गेले, एवढाच भेद.

आता पहिले नाव बदलण्याची चाल पुष्कळ घरांतून गेली आहे. मधले नाव व आडनाव मात्र अजून बदलतात, व ते बदललेच पाहिजे असा कायदा आहे, अशी अनेकांची समजूत असते. तसा कायदा नाही. मुलीने माहेरचे नाव ठेवावे, सासरचे घ्यावे, की दोन्ही जोडावी, ही तिची मर्जी. ज्या घरी ही मर्जी तिला विचारली जाते तेथे ती जे ठरवील ते चांगलेच. शाळेचा दाखला एका नावाचा, पदवी त्याच नावाची, बँकेचे पुस्तक दुसऱ्या नावाचे व मतदारयादीत तिसरेच काही, या घोटाळ्याने कचेऱ्यांतून खेटे घालणाऱ्या सुना आपण पाहतोच. महाराष्ट्र सरकारने मात्र २०२४ साली एक चांगली गोष्ट केली. १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नोंदीत मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे व शेवटी आडनाव, असा क्रम ठरविला. 'अमक्याची आई' म्हणून जिची ओळख होती, तिचेच नाव आता अमक्याच्या नावात आले.

नावाच्या गोष्टीला आणखी एक खोली आहे, आणि तिचे दार एकत्र कुटुंबात उघडण्यास आपण फारसे राजी नसतो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस मुलाप्रमाणे जन्मतः हिस्सा असावा, असा कायदा महाराष्ट्राने १९९४ साली केला. सबंध देशास तो २००५ साली लागू झाला, आणि वडील २००५ पूर्वी वारले असले तरी मुलीचा हक्क जात नाही, असा खुलासा सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी केला. म्हणजे सातबारावर बहिणीचे नाव लागते. लागते, आणि थोड्याच दिवसांत ती नोंदणी कचेरीत हक्कसोडपत्रावर सही करून ते काढून टाकते.

हे कसे घडते ते सांगावयास नको. वडिलांचे वर्षश्राद्ध होते, भाऊ प्रेमाने बोलावतो, वहिनी साडी नेसविते, कागद तयार असतो. "तुला काय कमी आहे? आणि माहेर तर तुझेच आहे." ती सही करते, कारण न केली तर माहेर तिचे राहणार नाही, हे त्याच वाक्यात तिला ऐकू आलेले असते. कोणी जबरदस्ती केलेली नसते. १९५१ सालच्या त्या स्त्रियांवर तरी कोणी केली होती? भावाचा हेतू दुष्ट असतो असेही माझे म्हणणे नाही. वृद्ध आईस सांभाळणारा, घर गळू लागले की कौले शाकारणारा तोच असतो, व त्याचा विचार वाटणीत व्हावा हे योग्यच. परंतु तो विचार मोकळेपणी, आकडे मांडून, बहिणीस शेजारी बसवून व्हावा. हिस्सा सोडावयाचा तर तिने तो किती आहे हे जाणून सोडावा. साडीच्या मोलाने सोडविलेला हक्क व अजाणता सोडलेला हक्क यांत दान कोठेच नसते. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने चांदवडच्या १९८६ च्या महिला अधिवेशनानंतर 'लक्ष्मीमुक्ती' म्हणून मोहीम काढली, तिच्यात कित्येक शेतकऱ्यांनी आपण होऊन जमिनीचा तुकडा पत्नीच्या नावे केला. हे खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांस सुचले व साधले. पदव्यांच्या तसबिरी भिंतीवर लावणाऱ्या आपल्या घरांनी त्या बाबतीत त्यांच्या मागे असावे, याची थोडी लाज वाटावयास हरकत नाही.

मतदानापुरते म्हणावयाचे तर स्त्रियांनी आपली बाकी चुकती केली आहे. १९६२ साली लोकसभेसाठी शेकडा ६३ पुरुषांनी मत दिले, स्त्रियांनी शेकडा ४७ हूनही कमी. २०१९ साली स्त्रियांचे प्रमाण शेकडा ६७ वर जाऊन प्रथमच पुरुषांच्या किंचित पुढे गेले, व २०२४ सालीही ते पुढेच राहिले. आता "मत कोणास द्यावयाचे ते घरी ठरले आहे" असे सांगणारे वडीलधारे अजून आहेत. पण पडद्यामागे यंत्राची कळ दाबणारे बोट एकटे असते, हे त्यांसही माहीत आहे आणि सुनेसही.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या यादीतच राहते, व निवडणुकीच्या दिवशी ते आठवते, असे दर वेळी होते. नाव एका मतदारसंघातून दुसऱ्यात नेण्यासाठी किंवा दुरुस्त करण्यासाठी नमुना क्रमांक ८ भरावा. पहिल्यानेच नोंदवावयाचे असल्यास नमुना क्रमांक ६. अठराव्या वर्षाची गणना आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर अशा चार तारखांस होते, तेव्हा घरच्या मुलींच्या नोंदीसाठी वर्षभर थांबण्याचे कारण नाही. अर्ज घरातील कोणीही आणून द्यावा. नावाचा रकाना मात्र जिचा तिला भरू द्यावा.